दोन व्याही आणि एक तळं

शनिवारी संध्याकाळी जावयाचा पाय बेकरीच्या पायरीवर मुरगळला आणि रविवारची चौघांची डोंगरसहल दोघांवर आली.

"बाबा, तुम्ही दोघं तरी जाऊन या," मुलगी फोनवर नकाशेवाल्यांना म्हणाली. "मी ह्यांच्याजवळ थांबते."

नकाशेवाल्यांना वाटलं, व्याही नाही म्हणतील. व्याह्यांना वाटलं, नकाशेवाले नाही म्हणतील. सोयरिकीत आधी नाही कोण म्हणणार? त्यामुळे सकाळी आठला दोघंही मुकाट्याने बसथांब्यावर हजर झाले.

नकाशेवाले सर्वेक्षणाच्या कार्यालयात तीस वर्षं नकाशे काढत होते. तिथे त्यांना 'मिलिमीटर' म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. ह्या डोंगराचा नकाशाही त्यांच्याच हातचा. मोजणीदार वर जाऊन आकडे आणायचे आणि हे खिडकीजवळच्या टेबलावर बसून उंचीच्या रेषा ओढायचे. प्रत्यक्ष डोंगरावर मात्र त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. व्याह्यांची बेकरी होती. आडवा बांधा, मोठा आवाज, कोपरापर्यंत भट्टीच्या चटक्यांचे डाग. मुलांच्या लग्नाला वर्ष झालं तरी दोघांचं बोलणं 'काय म्हणता', 'बरं आहे', 'घ्या ना थोडं' याच्यापुढे सरकलं नव्हतं.

ऊन लख्ख पडलं होतं. गवत गुडघ्याएवढं, वाट अरुंद. पहिला अर्धा तास दोघं एकमेकांना "तुम्ही पुढे व्हा", "छे, छे, तुम्ही" करत चालले. शेवटी चढ असा छातीवर आला की मानपान आपोआप गळून पडला.

"अहो, नकाशात हा चढ एवढाच दिसतो," नकाशेवाले धापा टाकत म्हणाले आणि त्यांनी चिमटीतलं अंतर दाखवलं.

"मग तुमच्या नकाशावरच चढायला हवं होतं!" व्याही म्हणाले आणि मटकन एका दगडावर बसले.

नकाशेवाल्यांना हसू फुटलं. ते असं मोकळं हसले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मुलगी सासरी गेल्यापासून त्यांच्या घरात रेडिओ सोडला तर कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

बाराच्या सुमाराला ते माथ्याजवळच्या सपाटीवर आले आणि नकाशेवाले थबकले. समोर तळं होतं. निळंशार, वाऱ्याने नुसतं शहारणारं. त्यांनी घाईघाईने नकाशा उघडला. तिथे कोरा कागद होता.

"काय झालं हो?" व्याह्यांनी विचारलं. "चेहरा का पडला?"

"हे तळं नकाशात नाही. बावीस वर्षांपूर्वी मी काढलाय हा. मोजणीदार उन्हाळ्यात आला असेल, पाणी आटलं असेल... पण मी विचारायला हवं होतं. इतक्या सपाट जागी पाणी साठणारच."

"बावीस वर्षं तुम्ही काढलं नाहीत म्हणून तळ्याचं काही अडलं का?" व्याही म्हणाले. "आता काढा. सांगा, मी काय धरू?"

मग दोघांनी तळं पावलांनी मोजलं. नकाशेवाल्यांचे एकशे चाळीस झाले, व्याह्यांचे एकशे नव्वद. "माझं तळं मोठं," व्याही म्हणाले. नकाशेवाल्यांनी गंभीरपणे दोन्ही आकडे लिहून घेतले. मान वर करतात तो व्याही शर्ट काढत होते.

"अहो, हे काय?"

"घामाने चिंब झालोय. चला, आहे कोण बघायला?"

नकाशेवाल्यांनी चारी दिशांना पाहिलं. खरंच कुणी नव्हतं. त्यांनी शर्टाची, पँटची नीट घडी घातली, वर चष्मा ठेवला आणि जांघियावर पाण्यात शिरले. पाणी असं गार की तोंडातून किंकाळीच निघाली. पण दुसऱ्या क्षणी ते पोहत होते. शाळा सुटल्यापासून पोहले नव्हते. हातपाय मात्र विसरले नव्हते. पाठीवर ऊन, पोटाखाली थंडगार अंधार. व्याही शेजारी पाणघोड्यासारखे फुरफुरत होते.

एवढ्यात माथ्यापलीकडून हसण्याखिदळण्याचा आवाज आला आणि आठ-दहा बायका सपाटीवर उतरल्या. पुढे गावातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई! दोघांच्याही दाढा त्यांनीच काढलेल्या.

"अरे वा!" त्या ओरडल्या. "पाणी कसं आहे?"

"छान आहे!" हनुवटीपर्यंत पाण्यात बसलेले व्याही म्हणाले. "या, बसा ना!"

"कशाला बोलावताय?" नकाशेवाले दातओठ खात पुटपुटले.

"सवय हो दुकानाची! तोंडातून निघून गेलं."

बायका बसल्याच, आणि नेमक्या कपड्यांच्या गठ्ठ्याशेजारी. डबे उघडले, गप्पा रंगल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दोघांचे ओठ जांभळे पडले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी कान टवकारले.

"दात कुणाचे वाजतायत?" त्यांनी विचारलं. मग त्यांची नजर त्या नीट घडी घातलेल्या पँटवर गेली आणि त्या हसून हसून आडव्या झाल्या. "बायांनो, उठा! पाठ फिरवा! पलीकडची दरी फार सुंदर आहे, दोन मिनिटं फक्त तिकडे बघायचं!"

दोन म्हातारे पाण्यातून असे सुटले की तरण्या पोरांनी बघत राहावं. घाईत नकाशेवाल्यांनी व्याह्यांची पँट चढवली. तिच्यात आणखी एक नकाशेवाले मावले असते. व्याह्यांचा पाय तर नकाशेवाल्यांच्या पँटच्या गुडघ्यातच अडकला. ते पाहून दोघं गवतावर लोळत हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दरी बघून परतलेल्या बायकाही मग हसण्यात सामील झाल्या.

नंतर सगळ्यांनी मिळून खाल्लं. व्याह्यांनी पहाटे भाजलेला पाव, उकडलेली अंडी, बायकांनी आणलेली फळं. नकाशेवाल्यांनी तिथेच मांडीवर वही ठेवून तळ्याचा काठ काढला, वळण न् वळण. डॉक्टरीणबाई खांद्यावरून बघत म्हणाल्या, "आणि हे दोन ठिपके कसले?"

"आम्ही," नकाशेवाले म्हणाले. "छापताना काढून टाकीन."

उतरताना व्याह्यांचे गुडघे कुरकुरू लागले. नकाशेवाल्यांनी खांदा पुढे केला. व्याह्यांनी हात टाकला आणि चार पावलांनंतर हळूच म्हणाले, "खरं सांगू? लग्नात मला तुमची भीती वाटायची. वाटायचं, हा माणूस माझ्या घराचा कोपरान् कोपरा मोजतोय."

"मोजत होतोच," नकाशेवाले म्हणाले. "पोर कुठे झोपणार, कुठे बसून चहा पिणार. खिडकी पूर्वेला आहे ना, तेही पाहिलं होतं."

व्याह्यांचा खांद्यावरचा हात जरा जड झाला.

बेकरीचं दार मुलीने उघडलं. समोर नाकं लालबुंद, केस विस्कटलेले, बूट हातात घेतलेले दोघं उभे. मागून जावई लंगडत आला.

"काय झालं, बाबा? उशीर का?"

नकाशेवाले सांगायला गेले. "आम्ही तळ्यात..." एवढंच म्हणाले आणि त्यांना हसू आवरेना. व्याह्यांनी पुढची गोष्ट धरली, तीही "डॉक्टरीणबाई..."पाशी अडकली.

मुलगी नवऱ्याकडे बघू लागली, नवरा तिच्याकडे. मग तिने दोघांच्या हातातले बूट घेतले, उन्हाने भाजलेल्या दोन्ही नाकांवर मलम लावलं आणि चहाचं आधण ठेवलं. आतून पुन्हा हसण्याचा गडगडाट झाला.