शिगेआत्यांचा आवाज

आमच्या मुलीच्या, कोझुएच्या उन्हाळी गृहपाठाचा विषय होता, गोतो बेटावरच्या लाकडी चर्चमध्ये आवाज किती वेळ घुमतो. त्यासाठी आम्ही तिघं नागासाकीहून बोटीने आलो. माझ्या नवऱ्याच्या, इवाओच्या मनात मात्र वेगळंच होतं.

त्याच्या आत्या, शिगेआत्या, त्र्याऐंशी वर्षांच्या. ख्रिस्ती धर्मावर बंदी होती त्या काळात या बेटावर घरोघरी लपवून जपलेली प्रार्थना आता एकट्या त्यांनाच पाठ आहे. बंदी उठल्यावरही त्यांचं घर चर्चकडे परतलं नाही. प्रार्थना घरातच राहिली, फक्त ओठ हलवून म्हणायची. लिहायची नाही. ती एकदा मोठ्याने म्हणा, असं इवाओ सात वर्षं त्यांना विनवत होता. हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला, तेव्हा वाटलं, प्रार्थनाही त्यांच्याबरोबर जाणार.

"मी नुसती मोजपट्टी धरायला आलेय," चर्चच्या पायरीवर चपला काढत आत्या कोझुएला म्हणाल्या. "तुझ्या बापाला सांग, माझ्या तोंडाकडे बघत बसू नको."

कोझुएने टाळी वाजवली. आवाज मोजायच्या यंत्रावरचा आकडा लिहिला.

"आता माणसाचा आवाज हवा. माझा चिरका आहे."

"बापाचा घे की."

"बाबांना फादरसुद्धा हळू गायला सांगतात."

आत्या हसल्या. मग यंत्राकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे शब्द साठवतं का गं?"

"नाही आजी. आवाज किती मोठा, तेवढंच दाखवतं."

आत्यांनी दाराकडे पाहिलं. "इवाओ, दारात उभा राहा. कोणी आलं तर खोक."

त्यांचे ओठ हलू लागले. यंत्रावर एकोणतीसचा आकडा होता, रिकाम्या चर्चमध्ये होता तेवढाच. मिनिट गेलं.

"आजी, सुरू करा ना," कोझुए म्हणाली.

"म्हणतेच आहे की."

"आकडा हलत नाहीये."

आत्यांनी वाकून पाहिलं. "मला तर चांगलं ऐकू येतंय."

"आम्हाला नाही येत."

त्या आता निघून जातील, असं मला वाटलं. त्यांनी घसा साफ केला. पहिला शब्द फाटला. तो कोणत्या सुरात म्हणायचा हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. चौथ्या ओळीला आवाज स्थिरावला, जाड, खर्जातला. बावन्न. साठ. जुने परदेशी शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडात राहून गुळगुळीत झालेले. त्यातले दोन मी ओळखले, आम्ही दर रविवारी चर्चमध्ये म्हणतो तेच.

फुलं घेऊन चर्चची राखणदार बाई वर आली आणि उंबऱ्यात थबकली. इवाओला खोकायचं सुचलंच नाही, तो रडत होता. आत्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि आवाज चढवला. शहात्तर.

नऊ मिनिटांनी त्या थांबल्या, बाकावर बसल्या.

"मधे एक शब्द खाल्ला मी," त्या म्हणाल्या. "कोझुए, तो डबा खाली ठेव. इकडे ये. मी म्हणते तसं म्हण."

कोझुएने पहिली ओळ म्हटली.

"इतकं हळू? सकाळी दोन वाट्या भात खाल्लास ना? परत म्हण."

तिने परत म्हटली. तिसऱ्या खेपेला दोघींचे आवाज एकत्र निघाले आणि आत्या पुढच्या ओळीवर गेल्या.