पहिल्या वर्गाची पंगत

आधी एक गोष्ट सरळ करून टाकतो. मी बोटीवर नुसती भांडी घासत नव्हतो. पहिली दोन वर्षं घासली, त्यात लाज कसली? पण पुढची नऊ वर्षं मी पहिल्या वर्गाच्या जेवणघरात वाढप्या होतो. स्टुअर्ड म्हणतात त्याला. आमच्या गावात मात्र उकंडाचा डोमा बोटीवर खरकटं काढतो, एवढंच ठाऊक. डोमा हे माझं जुनं नाव. छप्पन साली बापाने नागपूरला दीक्षा घेतली, पुढच्या सुट्टीत मी घेतली आणि धर्मपाल झालो. त्याला आता सहा वर्षं होतील. पोस्टमन धर्मपाल नावाचं पत्र बरोबर माझ्याच दारात आणून टाकतो, म्हणजे वाचता येतं लोकांना. म्हणायचं नसतं, एवढंच.

आमची बोट मुंबई ते लंडन जायची-यायची. पहिल्या वर्गाचं मोठं जेवणघर होतंच, पण वरच्या डेकवर आणखी एक लहान जेवणघर होतं. त्याला ग्रिल म्हणायचे. बाराच टेबलं, आणि मी तिथेच वाढायचो. पहिल्या वर्गाचं तिकीट असलं तरी तिथे वेगळं नाव नोंदवावं लागे, आणि जागा नसली तर भल्याभल्यांना हात हलवत परत जावं लागे. मांस पाहुण्याच्या डोळ्यांसमोर भाजायचं, मासा त्याच्यासमोर काट्यातून सोडवायचा. एका माणसापुढे चार काटे, चार सुऱ्या, तीन पेले. ऑर्डर कागदावर लिहायची नाही. कोणत्या खुर्चीला काय, हे डोक्यात ठेवायचं. अन्न डावीकडून, पेला उजवीकडून. पाहुण्याच्या अंगावर सावली पडता कामा नये. हातात पांढरे सुती मोजे, रोज धुतलेले, रोज इस्त्री केलेले. त्या मोज्यांचा मला केवढा अभिमान! सुट्टीत घरी आलो की बायकोला, सत्यशीलेला, घालून दाखवायचो.

बासष्टच्या सुरुवातीला लंडनहून निघालो तेव्हा पाच नंबरच्या टेबलावर आमच्याच गावचा घनश्याम बसलेला. आमचे सरपंच विठ्ठलराव, त्यांचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षं शेतकीचं शिकून परत निघाला होता. बापाचा कापूस उत्तम, म्हणून तिकीट पहिल्या वर्गाचं. समोर काट्या-सुऱ्यांची फौज पाहून त्याचा चेहरा उतरला. शेजारी एक मेजर आणि त्याची बायको.  ज्या काट्याची पाळी असेल तो मी बोटभर पुढे सरकवून ठेवला. त्याने माझ्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, आणि समजला. जेवण होईपर्यंत त्याची एकही चूक झाली नाही. हे काम दुसऱ्याला दिसू न देता करायचं, यातच वाढप्याची करामत असते.

दुसऱ्या दिवशी त्याने हळूच विचारलं, गाव कोणतं. मी सांगितलं. तेव्हापासून मी त्याचा धर्मपालभाऊ. डोमा नाही, धर्मपालभाऊ. चौथ्या रात्री जेवणघर आवरल्यावर तो आमच्या मागच्या खोलीत आला. खलाशांच्या भंडाऱ्याकडून, म्हणजे त्यांच्या स्वयंपाक्याकडून, मी बेसन आणि मिरच्या मागून आणल्या होत्या आणि स्वतःसाठी झुणका टाकला होता. ज्वारी कुठली मिळायला? कणकेच्या जाड पोळ्या लाटल्या होत्या. वास येताच हा माणूस उभ्या जागी रडायला लागला. म्हणाला, "माय आठवली गा." ताट एकच होतं. एका खोक्यावर तो बसला, एका खोक्यावर मी, आणि आम्ही एकाच ताटात जेवलो. मी तोडलेली पोळी त्याने खाल्ली. तव्यावरची खरवड बोटाने काढून खाल्ली. मुंबई येईपर्यंत असं आणखी चार वेळा झालं.

आता इकडची गोष्ट. त्याच हिवाळ्यात मी सुट्टीवर गावी आलो तेव्हा शाळेत दुधाच्या भुकटीची पिंपं येऊन पडली होती. सरकारचा हुकूम होता की मुलांना रोज सकाळी पेलाभर गरम दूध द्यायचं आणि ते उकळायला गावातली एक गरजू बाई नेमायची. ग्रामसेवक भगवानराव सरळ माणूस. सत्यशीला चौथी शिकलेली, पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचणारी. त्यांनी तिचं नाव लिहिलं. बायको तीन दिवस हसतच होती. पाठीवर ओझं नाही, मालकाची शिवी नाही, डोक्यावर छप्पर आणि लेकरांना दूध पाजायचं. तिने आयुष्यात एवढी एकच गोष्ट मागितली होती.

आणि गाव उठलं. आमच्या हातचं दूध त्यांच्या मुलांनी प्यायचं कसं? असं तोंडाने म्हणायची सोय आता राहिली नव्हती, कायदा होता. म्हणून कुणी म्हणालं, सत्यशीलेला खोकला आहे. कुणी म्हणालं, तानाबाई विधवा आहे, तिला द्या. तानाबाई विठ्ठलरावांची चुलत वहिनी. तिच्या घरी दोन म्हशी दूध देत होत्या. ती गरजू! शब्दालाही लाज वाटत असेल.

शेवटी ग्रामपंचायतीची बैठक बसली. मी कोपऱ्यात उभा होतो. घनश्याम बापाशेजारी खुर्चीवर. मला पाहून त्याने मान हलवली, हसला. माझा जीव भांड्यात पडला. हा बोलेल. याच्या एका वाक्याचं काम आहे. 'मी धर्मपालच्या हातचं खाल्लं, मला काय झालं?' बस.

तो उठला आणि बोललाही. फार चांगलं बोलला, विलायतेत शिकून आल्यासारखं. म्हणाला, जग कुठे चाललं आहे, आपण कुठे आहोत, प्रश्न जातीचा नाही, स्वच्छतेचा आहे. मी आलो त्या बोटीवर सगळे वाढपी पांढरे हातमोजे घालत, अन्नाला कुणाचा हात लागतच नसे. सत्यशीलेनेही तसे मोजे घालून दूध उकळावं आणि वाटावं. पंचांनी माना डोलावल्या. विठ्ठलरावांची मुद्रा अशी की, पोरगा शिकवला ते वसूल झालं. तानाबाईने मोजे घालावेत असं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आणि मी? मी गप्प राहिलो. वाढप्याचा नियम असतो, टेबलावरचं टेबलावर. पाहुणा काय जेवला, किती प्यायला, कुणासाठी रडला, हे वाढप्याच्या तोंडातून कधी निघायचं नाही. नऊ वर्षांत ते हाडात मुरलं होतं. शिवाय खरं सांगतो, मला वाटलं, चला, सुटलं. माझ्या पेटीत सहा जोड आहेत. नोकरी तर राहिली!

घरी आलो, पेटी उघडली, इस्त्री केलेला एक जोड सत्यशीलेपुढे ठेवला. तिने त्यातला एक मोजा उचलून उलटसुलट केला. मग तिने मला विचारलं, "तुमी थे मोजे तिथं कायले घालत होते?"

मी म्हटलं, शोभेसाठी. मोठ्या लोकांच्या जेवणाची रीत असते.

"कोनाच्या शोभेसाठी? थ्या लोकायले तुमचे बोटं दिसू नाही म्हनून घालत होते तुमी. अन् मले नऊ वर्सं दागिन्यावानी दाखवत राह्यले."

मला राग आला. मी म्हणालो, तुला काय कळतं, तिथे गोरे वाढपीही घालतात. ती म्हणाली, घालत असतील. ते घरी गेल्यावर काढून ठेवत असतील. "मी घातले तं मले कधीच काढता येनार नाही. माह्या मागून जे कोनी येईल, तिलेबी घालाच लागन. मले नोकरी पाह्यजे, पन या हातानं पाह्यजे." तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. कापसाच्या बोंडांनी ओरखडलेले, नखांच्या कडा फाटलेल्या. या हातांनी तिने आमची दोन लेकरं वाढवली, माझ्या बापाचं दुखणं काढलं. त्यांना झाकण घालायला निघालो होतो मी, तिचाच नवरा.

मग मी तिला चौथ्या रात्रीचं सांगितलं. पहिल्यांदाच. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "अन् हे तुमाले तिथं बैठकीत आठोलं नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत दुधाचं उद्घाटन होतं. नारळ, हार, ओट्यावर मधोमध मोठी सतरंजी, बाजूला पंचांच्या खुर्च्या. पहिला पेला घनश्यामने प्यायचा, म्हणजे गावाची भीड चेपेल, असं ठरलं होतं. सत्यशीलेने पहाटेच चूल पेटवली होती. भुकटीच्या गुठळ्या मोडत, ढवळत तिने असं दूध उकळलं होतं की गोडसर वास पार रस्त्यापर्यंत गेला. मुलं रांगेत उभी. अठ्ठावन्न मुलं, त्यांत आमच्या वस्तीतली अकरा. ही अकरा मात्र नेहमीप्रमाणे ओट्याच्या टोकाला, घरून आणलेल्या पोत्यांवर बसलेली.

तिने पेला भरला आणि घनश्यामपुढे धरला. उघड्या हाताने. विठ्ठलरावांनी भगवानरावांना विचारलं, मोजे कुठे आहेत. उत्तर सत्यशीलेनेच दिलं, "पेटीत हायत."

घनश्यामचा हात निघाला होता, तो मागे गेला. त्याने बापाकडे पाहिलं. आणि तेव्हा माझ्या हाडांत मुरलेलं जे काही होतं ते सगळं मोडून मी पुढे झालो. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो,

"घनश्यामभाऊ, चौथ्या राती तुमी माह्या खोलीत आले होते. आपुन एका ताटात झुनका खाल्ला. मी तोडलेली पोई तुमी खाल्ली. माह्या हातात तवा मोजे नव्हते. एकदा नाही, पाच डाव जेवले तुमी. तुमची तब्येत बरी हाय ना?"

 विठ्ठलरावांनी मान वळवून मुलाला विचारलं, "खरं हाय का रे?"

घनश्यामने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सगळं होतं, तव्यावरची खरवडसुद्धा. मला वाटलं, हा आता हो म्हणणार. माणूस किती मूर्ख असतो!

"मले आठवत नाही," तो म्हणाला.

'हे खोटं आहे' असं म्हणाला असता तर एक वेळ चाललं असतं. आठवत नाही! अरे, जेवण वाढणाऱ्याला प्रत्येक खुर्चीचं ताट आठवतं आणि जेवणाऱ्याला आपलं पोट आठवत नाही? विठ्ठलरावांना तेवढंच हवं होतं. ते उठले. उद्यापासून हे काम तानाबाई पाहील आणि आजचं दूध फेकून द्या, असं त्यांनी भगवानरावांना सांगितलं. भगवानराव म्हणाले, सरकारी दूध आहे, फेकता येणार नाही, मला वर कळवावं लागेल. त्या दिवशी तेवढंच त्यांच्या हातून झालं, आणि मी ते विसरणार नाही. आयांनी आपापल्या मुलांची मनगटं धरली. बघता बघता रांग मोडली. सत्तेचाळीस मुलं रिकामे पेले घेऊन फाटकाबाहेर गेली. काही रडत होती, कारण वास सगळ्यांनाच आला होता.

घनश्याम मात्र जागचा हलला नाही, बाप फाटकापाशी थांबला होता तरी. का थांबला, ते त्याचं त्याला ठाऊक.

सत्यशीला पातेल्यापाशी उभी होती. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती आग. नोकरी गेली होती. एका सकाळपुरती मिळाली आणि गेली. मला म्हणाली, "मी उकयलं हाय. फेकनार नाही."

मी आमच्या अकरा लेकरांना टोकावरून उठवलं आणि ओट्याच्या मधोमध त्या सतरंजीवर आणून बसवलं. बिचकली होती पोरं. सगळ्यात लहान पंचफुला, शेजारच्या मथुराबाईची नात, सहा वर्षांची. ती पोतं सोबत घेऊन आली, सतरंजी मळेल म्हणून. मी तिच्या हातातून पोतं काढून घेतलं. म्हटलं, याची गरज नाही.

मग मी खांद्यावरचा धुतलेला पंचा घडी करून डाव्या हातावर टाकला, पाठ ताठ केली, आणि नऊ वर्षं ज्या तऱ्हेने वाढलं त्याच तऱ्हेने वाढायला लागलो. उघड्या हाताने. प्रत्येकाच्या उजवीकडून. अंगावर सावली पडू न देता. फाटकाबाहेर लोक थांबले होते, त्यांच्याकडे मी पाहिलंही नाही. सत्यशीला भरून देत होती, मी नेऊन ठेवत होतो. मुलांना म्हटलं, घाई करू नका, बसून सावकाश प्या, कुणी उठवणार नाही. पातेल्यात अठ्ठावन्न मुलांचं दूध होतं.

पंचफुलेचा पेला सगळ्यांत आधी रिकामा झाला. मी तिच्या उजवीकडे गेलो, कमरेत थोडा वाकलो आणि पहिल्या वर्गात विचारतात तसं विचारलं, "आणखी घेणार का, बाईसाहेब?"

तिने आधी फाटकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हो," ती म्हणाली.