पोटावर अडकलेली माळ

जितेंद्रला मान डोलवायची भारी सवय. जळगावच्या डॉक्टरीणबाईंसमोरही डोलवली.

"ही ई कावीळ, हिपॅटायटिस ई. या विषाणूचे जनुकांवरून प्रकार पडतात. आपल्याकडे पहिला, घाण पाण्यातून येणारा. बाकीच्यांना महिनाभर पिवळं करून सोडतो, गरोदर बाईच्या जिवावर उठतो. आत्ताच अ‍ॅडमिट करा. बरळायला लागली तर फार उशीर झालेला असेल."

बाहेर बसलेल्या आईला, बेबाबाईला, त्याने ऐकलं ते सांगितलं. "पयलाच प्रकार शे ना? मंग काय घाबरस? तिसरा व्हवू दे, मंग देखूत."

जितेंद्रने तिथंही मान डोलवली आणि सात महिन्यांच्या गरोदर बायकोला, भाविकाला, घरी आणलं.

गावच्या वैदू झुलालबाबाने झाडाच्या मुळ्यांची माळ तिच्या डोक्यावर ठेवली. माळ सुकत, लांबत पायातून खाली पडली की कावीळ गेली. तोवर तोडायची नाही, उंबरा ओलांडायचा नाही.

माळ गळ्यात आली, छातीवरून उतरली आणि पोटावर अडकली.

मग काय, घरात बैठकच बसली. सासरे पितांबरआबा म्हणाले, "तेल लावा." शेजारीण म्हणाली, "पोरी, जरा पोट आत ओढ ना." इकडे भाविकाच्या पोटात पाणी ठरेना. लघवी कोऱ्या चहासारखी, डोळे पिवळेजर्द. जितेंद्र दवाखान्याचं नाव काढी, की सगळे एका सुरात, "माळ तर उतरू दे!"

एका दुपारी कधी वर मान न करणारी भाविका सासूला म्हणाली, "ए म्हैस, ऊठ मन्हा अंगवरथीन!"

बेबाबाई तर चार हात लांब बसलेली. ती तिथूनच ओरडली,

"देखा, देखा! सासूले म्हैस म्हनस! पयले माफी मांग!"

आबांनी भाऊबंद बोलावले. माफी पाया पडून की नुसती तोंडी, यावर वाद रंगला. भाविका हसली, आणि भिंतीला विचारू लागली, "चहा लेशी का?"

जितेंद्र ताडकन उठला. "आई, ती उद्धट नाही झाली. बरळतेय ती!" त्याने विळा घेतला, माळ कापली, बायकोला उचलून पिकअपमध्ये घातलं.

धुळ्याच्या मोठ्या दवाखान्याच्या रस्त्याला भाविका गप्प झाली. डोकं सासूच्या मांडीवर, डोळे अर्धे उघडे.

"भाविका, वं भाविका," बेबाबाई तिचे गाल थोपटत होती. "मी म्हैस ना? म्हन ना माय. आखो काय म्हनाव शे ते म्हन. मी तुले माफी मांगाले नै लावाव."

जितेंद्र हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मागून फक्त आईचाच आवाज येत होता.