मी दगड, हद्द नव्हे

मी एक जुना हद्दीचा दगड आहे. काळा, कमरेएवढा आणि हट्टी. मित्रांनो, हट्टी हे आधीच सांगून ठेवतो. पुढं माझ्या अंगावर शेंदूर येणार आहे, आणि तो बघून तुम्ही हात जोडाल. जोडू नका.

तिसगावच्या शिवारात मोजणीवाल्यांनी मला पुरलं. एका बाजूला कडूबाईचं रान, दुसऱ्या बाजूला तिच्या चुलत दिराचं, मच्छिंद्रचं. माझं काम एवढंच, की हद्द इथं आहे असं दाखवायचं. बैलांनी माझ्यावर अंग घासलं. कुत्र्यांनी काय केलं ते विचारू नका. दगडाचं कौतुक कोण करतो?

बहात्तर साली दुष्काळ पडला. सगळ्या विहिरी आटल्या, कडूबाईची तेवढी टिकली. ती माझ्या शेजारीच, तिच्या बाजूला. एका सकाळी कडूबाई बाजाराला गेली, आणि मच्छिंद्रनं मला पहारीनं उपटून, बैलांकडून ओढत विहिरीच्या पलीकडं रोवलं.

ती परत आली तर तिची बादली बांधावर फेकलेली.

"भावजी, हिर माझी हाय!"

"हुती. दगुड कुटं हाय बघ की. दगुड जितं, हद्द तितं."

"आवो, हद्द जिमिनीत आसती. दगुड निस्ता दावतो."

"लई शानपन नगं. मला इचारून पानी भरायचं."

घरी तिची म्हैस तहानेनं हंबरत होती. पण गावानं मच्छिंद्रलाच मान डोलावली. दगड दिसतो, हद्द कुठं दिसते?

तरी मच्छिंद्रला धाकधूक, की ही बाई दगड परत हलवील. म्हणून त्यानं मला शेंदूर फासला आणि बोंब ठोकली, "म्हसोबा परगाटला!" झालं! नारळ फुटायला लागले. "अरे, मी म्हसोबा नाही!" म्हणून मी ओरडत होतो, पण तोंडात शेंदूर गेलेला.

तेवढ्यात कडूबाई नारळ घेऊन पुढं आली. "देव उनात हुबा, बरं दिसतं का? ज्याला परगाटला, त्याच्याच दारात बसवा."

"आगं, पर..." मच्छिंद्र चाचरला.

"देवाला न्हाई म्हनता व्हय, मच्छिंदरशेट?" खाजाभाई गाडीवानानं बैल जुंपलेसुद्धा. वाजतगाजत मला मच्छिंद्रच्या उंबऱ्याला लागून बसवलं.

लोक पाया पडतायत तोवर कडूबाईनं म्हैस आणून त्याच्या ओसरीला बांधली.

"ह्ये काय, वयनी?"

"दगुड जितं, हद्द तितं. आंगान माजं, वसरी माजी. चूल तेवडी तुमची ऱ्हायली, भावजी."

म्हशीनं लगेच ओसरीवर शेण टाकून ताबा घेतला. मच्छिंद्र किंचाळला, "आगं, ह्यो निस्ता दगुड हाय! हद्द काय दगडासंगं चालती व्हय?"

"मंग हिर कुनाची?" खाजाभाईनं विचारलं.

मच्छिंद्र खाली बघत पुटपुटला, "तिचीच."

म्हैस सुटली ती थेट विहिरीवर.

मित्रांनो, मी अजून त्या उंबऱ्याशीच आहे. अमावस्येला माझ्यावर शेंदूर चढतो. मच्छिंद्र येता-जाता मला ठेचकाळतो, तेवढंच समाधान. तरी एक मागणं आहे. चौघं या, मला खरवडून धुवा आणि माझ्या बांधावर परत पुरा. आणि येणार नसाल तर नका येऊ! मला फोडून पायरी करा, नाहीतर रस्त्याला खडी करा. विहीर कडूबाईचीच आहे.