बारा मिनिटांची कोरी जागा

धाकटी जाऊ हवाई रुग्णवाहिकेवर नर्स म्हणून लागली, त्या दिवसापासून थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. त्या जागेसाठी पहिला अर्ज थोरलीचाच होता. इमर्जन्सी वॉर्डात सोळा वर्षं काढलेली बाई. पण वैद्यकीय तपासणीत मणक्याची चकती सरकलेली निघाली आणि विमानात वाकून काम करणं जमणार नाही, असा शेरा बसला.

आता सासूबाई येईल त्याला सांगायच्या, "आमची धाकटी विमानातनं पेशंट नेते." थोरलीबद्दल कुणी विचारलंच तर, "ती होय? ती कागद तपासते."

ते खोटं नव्हतं. अशा सेवा आपत्कालीन उपचारांच्या निकषांत बसतात की नाही, हे पाहणाऱ्या समितीवर थोरली होती. धाकटीच्या कंपनीची तपासणी तिच्या वाट्याला आली, तेव्हा तिनं प्रमुखांना नातं सांगून टाकलं. ते हसले. "जाऊच ना? मग काळजी नाही, तपासणी कडकच होणार. शिवाय समितीतले डॉक्टर आहेत बरोबर, सही दोघांची लागेल."

थोरलीला काही हसू आलं नाही.

विमान शेडमध्ये उभं होतं. धाकटी निळ्या गणवेशात शिडीपाशी होती. चारचौघांत ती थोरलीला "या मॅडम" म्हणाली, तेही हिला झोंबलं. ऑक्सिजन भरपूर, स्ट्रेचरचे पट्टे घट्ट, औषधांच्या तारखा चोख. एका खणात सुया आकारानुसार लावलेल्या. ती धाकटीची सवय, घरातल्या डब्यांवरून थोरलीला ठाऊक होती. डॉक्टर म्हणाले, "वा! फार नीटनेटकं काम आहे." थोरलीनं यादीवर नुसती खूण केली.

मग ती रुग्णांच्या नोंदी घेऊन बसली. सत्तावीस नोंदी चाळल्या, बोट ठेवायला जागा नाही. अठ्ठाविसावीत सापडली. अत्यवस्थ रुग्णाचं ब्लडप्रेशर दर पाच मिनिटांनी लिहायचं, हा नियम. इथं मधली बारा मिनिटं कोरी. खाली सही धाकटीची. थोरलीला इतका आनंद झाला की ती पेन काढण्याआधी एक घोट पाणी प्यायली.

"ही बारा मिनिटं काय करत होतीस?"

धाकटीनं कागद पाहिला. "पिशवी दाबत होते. व्हेंटिलेटर बंद पडला होता, बॅटरी गेली. श्वास हातानं देत होते. विमानातले डॉक्टर औषधं भरत होते. लिहायला तिसरा हात कुठून आणू?"

"मग बंद पडला हे तरी लिहायचंस."

"लिहिलंय. पण यंत्राची तक्रार वेगळ्या वहीत लिहायला सांगतात."

थोरलीनं ती वही मागवली. कंपनीच्या व्यवस्थापकानं आधी किल्ली सापडत नाही म्हटलं, मग सापडली. बॅटरीची तक्रार पाच महिन्यांत तीनदा. तिन्ही वेळा अक्षर धाकटीचं, समोर उत्तराचा रकाना रिकामा.

थोरलीचा जळफळाट झाला. दोष शोधायला जावं, तर तिथंही हिचंच कौतुक निघावं! क्षणभर वाटलं, वही मिटावी, आपण फक्त कोऱ्या जागेचं लिहावं. ते खोटं ठरलं नसतं. पण वॉर्डात तिनंही अशी पिशवी दाबली होती. पाचव्या मिनिटाला बोटं बधिर होतात आणि नजर पेशंटच्या छातीवरून हलवता येत नाही. तिनं वही डॉक्टरांपुढे सरकवली.

अहवालात दोन्ही गोष्टी आल्या. बॅटऱ्या बदलेपर्यंत उड्डाणं बंद, असा आदेश निघाला.

घरी सासूबाईंनी कपडे घडी करता करता तोंड सोडलं. "घरच्याच पोरीला घरी बसवलंस? डोळ्यांत खुपत होती ना ती?"

त्यातलं निम्मं खरं होतं.

"त्यांनी नसतं लिहिलं, तर पुढचा पेशंट माझ्या हातांत गेला असता," धाकटी म्हणाली. सासूबाईंनी टॉवेल जोरात झटकला आणि त्या आत गेल्या.

दोघीच उरल्या, तशी धाकटी हळूच म्हणाली, "ताई, ती कोरी जागा दिसली तेव्हा तुम्ही खूश झाला होतात. मी पाहिलं."

"झाले होते," थोरली म्हणाली. "अजूनही तुला विमानाकडे जाताना बघवत नाही मला. काय करू?"

धाकटीनं चादरीची दोन टोकं थोरलीच्या हातात दिली, दोघींनी ताणून घडी घातली.

तीन आठवड्यांनी विमान सुरू झालं. नव्या बॅटऱ्या आल्या आणि यंत्रांची सगळी जबाबदारी कंपनीनं धाकटीकडे दिली. सासूबाईंनी ते संध्याकाळपर्यंत चार घरी पोचवलं. थोरलीच्या पोटात पुन्हा दुखलं, अगदी पहिल्यासारखं. त्याच संध्याकाळी धाकटी कोरी वही घेऊन आली. "ताई, तक्रारीचे रकाने असे पाडून द्या, की उत्तर दिल्याशिवाय कुणाला पान उलटता येऊ नये."

थोरलीनं थोडा वेळ तिला ताटकळत ठेवलं. मग म्हणाली, "पट्टी आण."