माझ्या पाण्यात बोल

मित्रांनो, मी एक जुना घडा आहे. थांबा, लगेच नाक मुरडू नका. मी पाणी भरून ठेवायचा घडा नाही, मी पाणी सोडायचा घडा आहे. माझ्या बुडाजवळ एक भोक आहे आणि त्या भोकात काशाची बारीक नळी बसवलेली आहे. भोक पडलेला घडा कुठलीही शहाणी बाई घरात ठेवून घेत नाही, पण मला मात्र अथेन्सच्या न्यायालयात मानाची जागा होती. तिथे जो बोलायला उभा राही, त्याने माझ्यातलं पाणी वाहत असेपर्यंतच बोलायचं. पाणी संपलं की बोलणं संपलं. मग तो आरमाराचा सरदार असो नाहीतर कांदे विकणारा असो, माझ्यापुढे सगळे सारखे. मी कधी कुणाचा मिंधा झालो नाही.

माझा जन्म वेशीबाहेरच्या एका गावात झाला, ओढ्याकाठी. मला घडवणाऱ्याचं नाव मिकियोन. हात सोन्याचे, पण तोंड उघडलं की शब्द दाताशी अडायचा. बाजारात गेला की पोरं त्याची नक्कल करायची, म्हणून तो बाजारात जायचाच नाही. गंमत बघा, हात मातीत असले की तोच माणूस घडाघडा बोलायचा! चाकावर बसला की त्याची बायको हेदिस्ती मुद्दाम जवळ येऊन लोकर कातत बसायची, कारण नवऱ्याच्या गप्पा ऐकायची तेवढीच वेळ असायची.

मला भोक पाडलं तेव्हाचं त्यांचं बोलणं मला अजून आठवतं.

"एवढा सुबक घडा, आणि त्याला भोक पाडताय? हौस बाई एकेकाला!" हेदिस्ती म्हणाली.

"अगं, भोक आहे म्हणूनच तर त्याला न्यायालयात बोलावलंय," मिकियोन हसत म्हणाला. "मला चारचौघांत बोलता येत नाही ना, बघ आता. सगळं अथेन्स माझ्या घड्याला विचारून तोंड उघडेल."

मग त्याने मला उलटा केला आणि बुडाखाली ओल्या मातीत आपला अंगठा दाबला. त्याचा बाप प्रत्येक भांड्याखाली असाच अंगठा दाबायचा, म्हणून हाही दाबायचा. मला गुदगुल्या झाल्या. पुढे भट्टीत काय हाल झाले ते सांगत नाही, पण तो अंगठा मात्र कायमचा माझा झाला.

न्यायालयात मी चांगला रुळलो. उजाडताच म्हातारेकोतारे पंच काठ्या टेकत यायचे, पदरात सातूची भाकरी, लसूण नि ऑलिव्ह बांधून. सोडतीत ज्याचं नाव निघेल तो त्या दिवशी माझ्यापाशी बसायचा. साक्षीदाराचं म्हणणं वाचून दाखवत असले की त्याने माझ्या नळीवर बोट धरायचं, वाचन संपलं की बोट काढायचं. बाकी काम माझं. लोक काय काय बोलायचे म्हणून सांगू! कुणी रडायचं, कुणी पोरंबाळं पुढे आणून त्यांना रडायला लावायचं, कुणी आजोबांनी लढाईत खाल्लेले घाव मोजायचं. आणि एक वाक्य तर मला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. बोलणारा रंगात आला की विरोधकाकडे हात करून गरजायचा, "मी खोटं बोलत असेन तर ऊठ आणि सांग! माझ्या पाण्यात बोल!" म्हणजे माझ्या वेळातला वेळ तुला देतो, घे. ऐकायला फार दिलदार वाटायचं. पण कायद्याने तशी मुभा असूनही कुणीच कधी उठायचं नाही, आणि उठणार नाही हे गरजणाऱ्यालाही ठाऊक असायचं. नुसती मिजास हो!

एका सकाळी पंचांसमोर जो माणूस येऊन उभा राहिला, त्याला बघून माझ्या पोटातलं पाणीच हललं. तो मिकियोन होता.

भांडण होतं त्याच्या मातीच्या दरडीचं. ओढ्याकाठी त्याच्या घरामागे ती दरड होती. तिथली लाल माती काढूनच त्याचा बाप भांडी करत आला आणि तोही. मीसुद्धा त्याच दरडीतला. दरड गेली की चाक थांबलं, चाक थांबलं की चूल थांबली. आणि दावा लावला होता शेजारच्या हेगेमोनने. हा हेगेमोन काही वाईट माणूस नव्हता हं. आवाज मोठा, मन सरळ. द्राक्षवेल लावायला खड्डा खणताना त्याला वडिलांच्या वेळचा हद्दीचा दगड सापडला, तो नेमका दरडीच्या पलीकडे, म्हणजे दरड त्याच्या हद्दीत आली. झालं! गड्याची पक्की खात्री पटली की कुंभाराने आपली जमीन हळूच गिळली.

बाकीच्यांना अशा वेळी भाऊ नाहीतर मेहुणा बोलायला उभा करता यायचा. मिकियोनला ना भाऊ ना मेहुणा. बायकांना तिथे बोलायची सोय नव्हती. हेदिस्ती कुंपणाबाहेर गर्दीत उभी होती, डोक्यावरून पदर घेऊन. तो आत येताना तिने नवऱ्याच्या अंगरख्याच्या घडीत काहीतरी कोंबलं होतं, एवढं मी पाहिलं.

त्या दिवशी माझ्यापाशी तिसियास नावाचा खडूस म्हातारा बसला होता. त्याने माझी नळी उघडली आणि हेगेमोन सुरू झाला. झकास बोलला! दगड कुठे सापडला, साक्षीला कोण होतं, बाप किती कष्टाळू, सगळं सांगून झालं तरी माझ्यात पाणी शिल्लक होतं. पंच माना डोलवत होते.

मग मला पुन्हा काठोकाठ भरलं आणि मिकियोन पुढे आला.

"अ... अ... अथ... अथेन्स..."

कुणीतरी फिसकन हसलं. मिकियोनचे कान लाल झाले. "अथेन्सच्या लो... लोक... ती द... दर..."

मी वाहत होतो. मित्रांनो, माझ्या जिवाची काय तगमग झाली ते मलाच माहीत. ज्याने मला घडवलं त्याच्या तोंडून धड एक वाक्य निघत नव्हतं आणि मी आपला धो धो चाललोय! थांबायची फार फार इच्छा झाली. पण थांबणार कसा? भोक त्यानेच पाडलेलं, अगदी चोख. त्याने ते जरा वाकडं पाडलं असतं तर किती बरं झालं असतं, असंही मनात आलं. त्याच्या हातातलं काम कधी वाकडं होत नसे, हीच पंचाईत.

"आ... आमच्या व... वडि..." एवढ्यावर तो आला आणि माझ्यातला शेवटचा थेंब पडला.

"संपलं," तिसियास म्हणाला. त्याचाही आवाज जरा खाली गेला होता. "बस बाबा."

रिवाजाप्रमाणे दोघांना पुन्हा एकेकदा बोलायला मिळतं, पण पाणी पहिल्याहून थोडं. हेगेमोन उठला. जिंकल्यातच जमा होता, त्यामुळे त्याला चेव आला.

"मंडळी, तुम्ही स्वतः ऐकलंत! याच्यापाशी सांगण्यासारखं काही आहेच कुठे? दरड याच्या बापाकडे कशी आली, सांगू दे ना! ऊठ की मिकियोन! ऊठ, माझ्या पाण्यात बोल!"

आणि मिकियोन उठला.

हेगेमोनचा पुढचा शब्द तोंडातच राहिला. "अरे... म्हणजे... ते आपलं म्हणायचं म्हणून म्हणतात रे!"

"वा रे वा!" मागच्या बाकावरून एक पंच ओरडला. "दिलंस ना पाणी? मग आता मागे कशाला घेतोस?"

"बोलू दे त्याला! बोलू दे!" सगळ्यांनी एकच गलका केला. आमच्या पंचांना गलका करायला निमित्तच हवं असायचं.

"मी पाण्यावर आहे," तिसियासने काठी आपटली. "पाणी चालू आहे. कुणाचं आहे नि कोण बोलतंय, मला कर्तव्य नाही. बोल रे बाबा."

मिकियोनने अंगरख्याच्या घडीत हात घातला आणि मातीचा ओला गोळा बाहेर काढला. तेच कोंबलं होतं हेदिस्तीने! मघाशी एवढ्या लोकांत तो काढायची त्याला लाज वाटली होती. आता त्याने सगळी लाज सोडली. दोन्ही हातांनी तो गोळा मळत, लोकांकडे न बघता खाली बघून, तो हळूहळू बोलू लागला.

"हेगेमोन, तुझा थोरला भाऊ ल... लग्नाआधी गेला. तू रांगत होतास तेव्हा."

हेगेमोन दचकला. "दादाचं इथे काय काढलंस?"

"ऐक ना. लग्नाआधी गेलेल्याच्या थडग्यावर आपण लग्नाच्या न्हाणाचं उंच भांडं ठेवतो. त्याला जितेपणी जे मिळालं नाही ते निदान तिथे. तुझे वडील आमच्याकडे आले. रडत नव्हते, काही बोलत नव्हते, नुसते बसून राहिले. माझ्या वडिलांनी सगळी कामं बाजूला सारून ते भांडं केलं आणि त्याबद्दल काही घेणार नाही म्हणाले. तेव्हा तुझ्या वडिलांनी ओ... ओढ्याकाठची ती दरड दाखवली. म्हणाले, या मातीतून माझ्या मुलाचं भांडं झालं, आता ही माती तुझी. दगड हलवायला मात्र ते परत कधी ओढ्यावर आले नाहीत. त्यांना ती जागा बघवेना. आणि घरी त्यांनी त्या मुलाचं नाव पुन्हा काढलं नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

गोळा त्याच्या हातात फिरत होता. मी वाहत होतो, पण या वेळी मला माझ्या वाहण्याचा राग आला नाही.

"साक्षीदार कोण?" कुणीतरी विचारलं.

"साक्षीदार म... मेले सगळे," मिकियोन म्हणाला. "पण त्या भांड्याच्या बुडाखाली माझ्या वडिलांचा अंगठा आहे. या घड्याखाली माझा आहे, तसाच."

तिसियासने मान वाकडी करून माझ्या बुडाखाली बोटांनी चाचपलं. "आहे बुवा," तो पुटपुटला.

एवढा गरजणारा हेगेमोन, पण आता तो माझ्याजवळ आला आणि हलक्या आवाजात बोलू लागला.

"मला माहीत आहे तो अंगठा," तो म्हणाला. "दरवर्षी मी ते भांडं उतरवून धुतो, तेल लावतो. लहानपणापासून त्या खळग्यात माझा अंगठा ठेवून बघतो. मला वाटायचं... मला वाटायचं, तो दादाचा आहे."

कुंपणाबाहेर हेदिस्तीने पदर तोंडाशी धरला. माझ्यात अजून थोडं पाणी होतं. ते थेंब थेंब पडत राहिलं.

"अजून बाकी आहे तुझं पाणी, हेगेमोन," तिसियास म्हणाला. "बोलायचंय का काही?"

"नाही. वाहू दे त्याला." मग त्याने नाक शिंकरलं आणि पंचांकडे वळला. "मंडळी, माझा दावा मी मागे घेतो. आणि कुणी उगाच माझ्या बाजूने मत टाकलंत तर याद राखा, घरी येऊन भांडेन!"

पंच खो खो हसले. काही कुरकुरलेही, कारण मतं टाकायची त्यांची मजा गेली होती.

पुढे मी बरीच वर्षं काम केलं. हळूहळू नळी झिजली, पाणी भराभर पळू लागलं आणि बोलायला उभे राहणारे लोक माझ्या नावाने खडे फोडू लागले. एका सणाला माझ्या जागी नवा घडा आला आणि मला दाराबाहेर टाकलं. तिथे कुत्री येऊन मला हुंगून जायची. ज्याच्यापुढे सगळं शहर शब्द जपून वापरायचं त्याची ही गत! मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण एक दिवस दोन म्हातारे मला शोधत आले. एक मिकियोन होता, आणि त्याच्यासाठी लोकांना "सरका, सरका" म्हणून वाट काढणारा मोठ्या आवाजाचा दुसरा कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल.

आता मी दरडीजवळ, चाकाशेजारी असतो. मिकियोनने माझं भोक त्याच मातीने बुजवून टाकलं आहे. हेदिस्ती माझ्यात डाळ ठेवते. दुपार कलली की हेगेमोन द्राक्षांचा घोस घेऊन येतो आणि विचारतो, "काय मग, दादाचं आणखी काही आठवलं का? तुझे वडील काय काय सांगायचे?" मिकियोन सांगू लागतो. त्याचे हात कोरडे असले की मधेच शब्द अडतो. तेव्हा हेगेमोन गप्प बसतो. तो शब्द पुरवत नाही, घाई करत नाही, दुसरीकडे बघत नाही. अडलेला शब्द आपला आपण बाहेर येईपर्यंत तो थांबून राहतो.

मित्रांनो, मला कधी थांबता आलं नाही, पण तुम्हाला येतं. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणीतरी असेल ज्याचा शब्द दाताशी अडतो. त्याला हसू नका. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. आपल्यातलं थोडं पाणी त्याला द्या आणि ऐका. कोण जाणे, तो तुमच्याच भावाची गोष्ट सांगत असेल.