खुंट्याचे पाय

ठिणगीला सगळे ठिणगी म्हणायचे, कारण तिचा राग नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असायचा. पण आज स्वारी हवेत होती. शाळाशाळांच्या रस्सीखेचीत मुलींनी सहा वर्षांनी बाजी मारली होती, आणि जिंकल्या त्या क्षणाचा फोटो तिने काढला होता. आठही जणी एकमेकींवर धाडधाड कोसळलेल्या, आणि सगळ्यात मागे दोन जाडजूड पाय आभाळाकडे.

"शाळेच्या वेबसाइटवर, पहिल्या पानावर लावू," कॉम्प्युटरचे सर म्हणाले. "खाली तुझं नाव. पण आधी आठही जणींना विचारून ये. एक जरी नको म्हणाली, तरी नाही लावायचा. मधली सुट्टी संपली की पान पक्कं, मग महिनाभर बदल नाही."

तिचं नाव आजवर फक्त फळ्याच्या कोपऱ्यात, बडबड करणाऱ्यांच्या यादीत लागलं होतं. ती सुटलीच.

सात जणी पटापट हो म्हणाल्या. आठवी खुंटा. दोरीच्या शेवटी हीच उभी राहायची, आणि एकदा पाय रोवले की हत्ती लावा, हलायची नाही.

"नको," खुंटा म्हणाली.

"अगं, तोंड दिसतच नाही तुझं."

"पाय दिसतात ना. माझे पाय अख्खी शाळा ओळखते."

"मी कौतुकाने लावतेय."

"मागच्या वर्षी माझा लांब उडीचा फोटोही कुणीतरी कौतुकानेच टाकला होता. महिनाभर भूकंपाचे विनोद चालले त्याच्यावर. माझ्या मामेभावाने दुसऱ्या गावाहून मलाच पाठवला तो." खुंटा डबा खात राहिली.

ठिणगीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बस मग पाय पोटाशी घेऊन," म्हणत ती तरातरा कॉम्प्युटरच्या खोलीत आली. सर चहाला गेलेले. पडद्यावर फोटो तयार, खाली निळं बटण. हात शिवशिवले. एका बोटाचं काम.

तिने फोटोकडे पाहिलं. नजर पहिली पायांवर गेली. पुन्हा पाहिलं, पुन्हा पायांवरच. काल हा फोटो बघून पोट धरून पहिली हसली होती ती तीच. दोरी कोण बघणार होतं?

तिने फोटो काढून टाकला आणि खुर्चीला एक लाथ घातली.

"खुर्चीने काय केलं तुझं?" दारात खुंटा उभी होती.

"नाही लावला. आता काय ढोल वाजवू?"

"मला वाटलं, लावलास. भांडायला आले होते."

"मग भांड."

खुंट्याला हसू फुटलं. ती शेजारी खुर्ची ओढून बसली. "बाकीचे दाखव."

ढग. ठिणगीचाच अंगठा. पंचांचं टक्कल. मग एक आला: दोरी ताणलेली, खुंट्याच्या टाचा मातीत रुतलेल्या, दात आवळलेले, मानेच्या शिरा तट्ट. बाकीच्यांची नुसती कोपरं आणि वेण्या.

खुंटा बघतच राहिली. "ही मी?"

"नाही, तुझी आजी."

"हा लाव."

ठिणगीने माउस धरला आणि लगेच कपाळावर हात मारून घेतला. "हा वेगळा फोटो. त्या सातजणींना परत विचारायला हवं."

"अगं, कोपरं तर दिसतात नुसती."

"म्हणूनच भांडतील."

घंटेला चार मिनिटं होती. गळ्यात कॅमेरा अडकवून ठिणगी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरली, पण खुंटा तिच्याही पुढे होती आणि मैदानभर तिचाच आवाज घुमत होता, "ए, निळ्या रिबिनीची वेणी कुणाची गं?"